एका 'च'ची जागा

ती. दादा यांना,

अतिशय रागाने, तरीही वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे माझी प्रकृती उत्तम, म्हणजे चार दिवस चहा आणि बिस्किटांवर आहे (तुमची बहीण तुमच्याकडे का आली हे तिने सांगितलं असेलच, पण तेवढ्यावर मत बनवू नका, ती माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. लोकांच्या चुका काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. तिच्या निवृत्तीच्या समारंभाचा फलकही मीच लिहिला. मनात होतं, 'मी माझ्या पत्नीलाच मानतो.' जरा भारदस्त व्हावं म्हणून शब्द हलवले, आणि हॉस्पिटलच्या सभागृहात दोन फुटी अक्षरांत झळकलं, 'माझ्या पत्नीला मीच मानतो.' तिला हार घालायला पुढे आलेल्या नर्स हारासकट मागे सरकल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "मग आम्ही इथे कशाला जमलोय?"

आता यात माझा काय दोष? तुमच्या चिरंजीवांनी माझ्या कॉम्प्युटरवर जो व्याकरण-तपासनीस बसवून दिला आहे, त्याने या वाक्याला हिरवी खूण दिली होती. फोनवर जाब विचारला तर चिरंजीव म्हणतात, "काका, ते फक्त वाक्यरचना बघतं, अर्थ नाही." मी लगेच 'टेबलाने दादांना खाल्लं' असं लिहून पाहिलं. हिरवी खूण! (तुम्ही सुखरूप आहात ना?) एक स्वल्पविराम सुटला की हेच यंत्र लाल होऊन थयथयाट करतं, आणि माणसाचा संसार मोडताना ढिम्म! नुसता संताप होतो.

घरी आल्यावर मी तिला शांतपणे समजावलं, की वाक्य शुद्ध आहे. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. ती म्हणाली, "आणि मी कुठे आहे त्यात?" मी म्हणालो, "कर्माच्या जागी." "कर्म माझं!" म्हणाली आणि बॅग भरली. मी माघार घेणार नाही, हे तिला स्पष्ट सांगा.

आपला,
शुद्ध वाक्याचा बळी

ता. क. : वरचं शेवटचं वाक्य तिला सांगू नका. एवढंच सांगा, की मी तिचीच वाट पाहतो आहे. 'मीच तिची' असं वाचू नका. (काल दोन नर्स तो राहिलेला हार घेऊन घरी येऊन तिची वाट पाहून गेल्या, म्हणजे 'मीच' हे धडधडीत खोटं आहे.)

आणखी एक ता. क. : पहिल्या परिच्छेदात एक कंस उघडा राहिला आहे. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिला दाखवा. तो बंद करायला तिलाच येऊ दे.