त्रास नाही

॥ श्री ॥
भोर, ता. ९ डिसेंबर १९४१

चि. सौदामिनीस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा खोकला थांबला. दवाखान्यात तुझ्या जागी नवी नर्स आली. तुझ्याइतकी चलाख नाही. मावशीचे पत्र आले. तू डाव्या हाताने जेवतेस म्हणून ती तुझे पान वेगळे मांडते म्हणे. जुने माणूस आहे, मनाला लावून घेऊ नकोस. तिच्याकडे कामथडीला हवा तरी चांगली.

प्लेगच्या लशीची चौकशी लागली आहे. गावोगाव जाणाऱ्या आपल्या माणसांना आधी सुई द्यायची आणि काय त्रास झाला तो ज्याचा त्याने सांगायचा, असा हुकूम होता. यादी माझ्याकडे होती. झाडणारी फुलाबाई मला काय म्हणाली, आठवते? "सायब, हात लई ठणकतोय, पर तसं लिवू नगा. कामावर ठेवायचे न्हाईत." अडाणी बाई, पण शहाणी. तू पडलीस शिकलेली. स्वतःच्या अक्षरात लिहिलेस: दंड सुजला, बोटांना मुंग्या येतात, सुया उकळलेल्या नव्हत्या, दुसरी घेणार नाही.

नर्सबाईलाच बाधली म्हटल्यावर किकवीसारख्या गावात कोण दंड पुढे करणार होते? शिवाय दवाखान्याच्या साहेबांनी मला हेडक्लार्कची जागा कबूल केली होती, तेही आता कशाला लपवू. तुझी ओळ मी खोडली आणि 'त्रास नाही' असे लिहिले.

ती यादी पाहूनच आठव्या दिवशी तुला दुसरी सुई दिली, त्याच दंडात. तू मागे सरत होतीस. "दादा, तू तरी सांग ना त्यांना," एवढेच म्हणालीस. दंड मीच धरला होता.

हात असा वाळेल हे कोणाला ठाऊक होते? मला वाईट वाटते, सौदामिनी, खरेच वाटते. पण माझ्या वाईट वाटण्याने तुझा हात परत यायचा नाही. माझी नोकरी मात्र जाईल, आणि घरात खाणारी पाच तोंडे आहेत.

सोबत कागद आहे. लशीने काही त्रास झाला नव्हता, पडल्यामुळे हात गेला, एवढाच मजकूर. शिपाई गेनू शाईची डबी घेऊन येत आहे. तुला सही जमत नाही हे मी साहेबांना सांगितले. डाव्या हाताचा अंगठा चालेल म्हणाले.

मावशीलाही वेगळे लिहिले आहे. तू मागे सरलीस, तर ती मनगट धरील.

तुझ्यावर फार माया असलेला,
दादा