ऐझादाची आई आणि माझी

१४ जून, शनिवार. ईडन प्रेरी

मोघेकाका डोक्यात गेलाय! मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, मी ऐझादाला पहिल्यांदाच आणलं, जिच्यासाठी वेडा झालोय तिला, आणि हा वडा चावत तिला विचारतो, "तुमच्या किर्गिझस्तानात लोक सारखं सरकार पाडतात, मिळतं काय?"

मी भडकलो. "ते हुकूमशहाला पळवून लावतात, काका. तुम्ही अंगणातलं गवत वाढलं म्हणून सोसायटीनं पाठवलेल्या नोटिशीला घाबरता!"

आईनं सारवासारव केली, "थर्ड इयरला आहे ना, अभ्यासाचं टेन्शन."

थर्ड इयर! कॉलेज सोडून चार महिने झाले. माहीत फक्त ऐझादाला.

गाडीत ती म्हणाली, "गोळीबार चालू असताना माझी आई राष्ट्राध्यक्षाच्या फाटकासमोर उभी होती. तुला स्वतःच्या आईसमोर उभं राहता येत नाही?"

हसलीसुद्धा नाही.

थर्ड इयर म्हणे. आई खाली डबे धुतेय. उठतो.