तोडलेल्या कुलपाबद्दल आणि परत न करता येणाऱ्या लशीबद्दल

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
आस्थापना शाखा, आरोग्य कार्यालय.

विषय: दवाखान्यातील सिस्टरबाईंचे निलंबन मागे घेण्याबाबत, तसेच त्यांनी मला टोचलेली लस नियमित करून घेण्याबाबत.
संदर्भ: कुलूप तोडल्याबद्दल सिस्टरबाईंना आलेली आपली नोटीस.

महोदय,

१. मी दवाखान्यासमोरच्या गल्लीतला शिंपी. त्या संध्याकाळी दुकान बंद करून कीर्तनाला निघायच्या घाईत मी चिंध्यांचा ढीग हाताने सारला, आणि आत वेटोळे घालून बसलेली घोणस हाताला डसली. चूक तिची नाही. तीही देवाचीच, मी न विचारता तिचे अंथरूण ओढले.

२. बायकोने व शेजारच्या सायकलवाल्याने मला उचलून दवाखान्यात नेले. तोवर हात कोपरापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होते. डॉक्टरसाहेबांनी माझे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन न हलवता उभे ठेवले आणि काही वेळाने नळी तिरकी केली. एव्हाना गोठायला हवे होते ते रक्त पाण्यासारखे वाहिले. हे विष रक्ताची गोठण्याची ताकदच खाऊन टाकते, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिजवते आणि माणूस आतल्या आत पाझरू लागतो, असे त्यांनी बायकोला समजावले. मग "सिस्टर, सापाची लस काढा, लवकर," म्हणून ते सलाइन लावू लागले.

३. लस फ्रिजमध्ये होती, फ्रिजला कुलूप होते आणि किल्ली आपल्या नियमानुसार भांडारपालांच्या खिशात होती. भांडारपाल कीर्तनात होते व त्यांचा फोन बंद होता. याबद्दल माझी तक्रार नाही. कीर्तनात फोन बंद ठेवणाऱ्या माणसाविषयी मला आदरच आहे. पुढे ते मला बघायला आले, तेव्हा माझे हुकलेले निरूपण कशावर होते ते मी विचारले. परोपकारावर, म्हणाले, बुवांनी असे रंगवले की जागचे उठवेना. ऐकून मलाही भरून आले.

४. सिस्टरबाईंनी सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून कुलपावर घातला. त्या वेळी "जळलं मेलं तुमचं कुलूप!" असे उद्गार त्यांनी काढले, हे नोटिशीत आहे व ते खरे आहे. कुलपाचे मन दुखावले असल्यास मी त्याची माफी मागतो.

५. भांडारपाल येईपर्यंत वाट का पाहिली नाही, असे नोटीस विचारते. मी थांबलो असतो. आपल्या कार्यालयाच्या रांगेत मला तसा सराव आहे. रक्त थांबत नव्हते. नोटीस त्याला द्यावी, अशी नम्र सूचना.

६. मागणीपत्राशिवाय काढलेले औषध अनियमित ठरते, असेही नोटिशीत म्हटले आहे. म्हणजे माझे सध्याचे जगणेही अनियमितच. सरकारी माल अंगात दडवून फिरणे माझ्या मनाला पटेना, म्हणून तो परत जमा करायला मी डॉक्टरसाहेबांकडे गेलो. "अहो काका, ती लस विषाला मिठी मारून बसली, आता सोडवायची कुणी?" म्हणाले. तरी आपला लेखी आदेश आल्यास मी हजर राहीन. मात्र लशीबरोबर विषही निघाले, तर त्याची पोच मला मिळेल की घोणशीला, हे कळवावे.

७. आता मुख्य गोष्ट. सिस्टरबाईंचे घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालते. "यापुढे कोणत्याही परिस्थितीत कुलूप तोडणार नाही" अशी हमी दिल्यास त्यांना कामावर घेऊ, असे आपण कळवले आहे. मी व बायको कोरा कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. "द्या हो लिहून बाई, देव सगळं जाणतो," अशी मी गळ घातली. त्या म्हणाल्या, "देव जाणतो हो काका. पण उद्या कुणी असाच सुजलेला हात घेऊन आला, तर त्याच्या हातावर हा कागद बांधू का?" त्यावर मी ऐकलेले एक निरूपण सांगू लागलो. बायको मला म्हणाली, "तुम्ही गप्प बसा जरा." शेवटी सिस्टरबाईंनी हमी दिली, पण स्वतःच्या शब्दांत. ती सोबत जोडली आहे. ती आहे तशी मान्य करून त्यांना कामावर घ्यावे, एवढीच हात जोडून विनंती. एक हात अजून नीट जुळत नाही, तो जुळला असे समजावे.

आपला नम्र व तूर्त अनियमित,
(सही, डाव्या हाताने)
शिंपी, दवाखान्यासमोरची गल्ली
सोमवार

सोबत:
१. डॉक्टरसाहेबांचा दाखला. लशीनंतर घेतलेले माझे रक्त नळीत गोठल्याबद्दल.
२. सिस्टरबाईंची हमी, त्यांच्याच अक्षरात: "किल्ली जागेवर असेल, तर मी कुलूप तोडणार नाही."