देवीला उजवी घालून

२ डिसेंबर, मंगळवार
अवि आजही खाली उतरला नाही. बायपास होऊन महिने लोटले, डॉ. रोज चाला म्हणतात, आणि आमचे साहेब सोफ्यावर. पार्किंगमध्ये फेऱ्या मार म्हटलं तर, "मी काय घाण्याचा बैल आहे?" बरं, मग भूगावच्या तळ्यापर्यंत जाऊन परत ये. "आल्या वाटेनं परत यायचं, त्यात नवीन काय बघायचं?" हा माणूस कोकणात गेला तरी येताना वेगळा घाट शोधतो. लग्नापासून बघतेय.
चिडून विचारलं, गोल वाट सापडली तर येशील?
"गोल असेल तर येईन."
शब्द घेतलाय. आता सोडत नाही.

६ डिसेंबर, शनिवार
सापडली! सापडली! हात अजून मातीचे आहेत, पण आधी लिहिते.
एकटीच गाडी काढून पौडच्या पुढे, मुळशीच्या पाण्यापाशी. चंद्राबाई म्हणून एक शेळ्या राखणारी बाई, तिच्या अंगणात गाडी लावली. "वाट गोल जाते का हो?" "जाती की. न जायाला काय झालं?"
आधी गायरान. पिवळं गवत, हलका हलका चढ, कळतसुद्धा नाही. वर देवराई, आत देवीचं छोटं ठाणं, भर दुपारी गारवा. मग एकदम उभा उतार, कारवीच्या झुडपांतून, थेट पाण्यापर्यंत. आणि तिथून काठाकाठानं जंगलातून परत चंद्राबाईचं अंगण! शेकरू दिसलं. शेपटी केवढी! मी एकटीच मोठ्यानं "अगं बाई" म्हणाले.
अविसाठीच केल्यासारखी वाट. चढ सोपा, उभं आहे ते सगळं उतरायचं. उद्याच नेते.

७ डिसेंबर, रविवार
फजिती.
अवि मजेत होता. गायरान कुरकुरत पण छान चढला. (गवत टोचतं, ऊन लागतं, पोहे कमी आणलेस, इ.) राईच्या तोंडाशी चंद्राबाई, शेळ्यांमागे.
"ओ ताई! देवी डाव्या हाताला घेऊन कुटं चाललाय?"
मला आधी कळेचना.
"देवीला उजवी घालून जायचं. हितं उलटं कुनी जात न्हाई. सांगितलं न्हाई व्हय कुनी?"
मी म्हटलं, अहो, तुम्हीच म्हणालात वाट गोल जाते. "गोल जाती म्हनलं. उलटी जाती म्हनलं का?"
मी ऑपरेशनचं सांगितलं. उजवी घालायची तर फेरी उलट फिरवावी लागेल, म्हणजे आधी पाण्याकडून तो उभा चढ. ह्यांना कसा झेपेल? ती अविकडे बघून मऊ झाली, पण तेवढ्यापुरतीच. "मग देवीला हितनंच हात जोडा. आन् आल्या वाटंनं परत जावा."
अविचा चेहरा! एवढ्या दुःखातही मला हसू आलं. देवीपुढे कधी हात न जोडलेला माणूस, पण तिथं वाद घातला नाही. म्हणाला, "गाव त्यांचं, रीत त्यांची." आल्या वाटेनंच परतलो. गाडीत म्हणाला, "संपलं तुझं गोल."

१२ डिसेंबर, शुक्रवार
डॉ.कडे. अविनंच विषय काढला! मी चाट. "एक चढ आहे, चढू का?"
तपासून, जुने रिपोर्ट बघून डॉ. म्हणाले, हरकत नाही, पण तयारीनं. आणि बोलता बोलता चढता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं, बसायचं, छातीत जरा काही वाटलं तर तडक परत.
घरी येताना दोघंही हसत होतो. अविचं बोलणं म्हणजे कुरकुर. कुरकुर चालू तोवर सगळं ठीक!

१९ डिसेंबर, शुक्रवार
सोसायटीचा जिना चढतो, लिफ्टनं खाली येतो. आल्या वाटेनं परत नको म्हणून!! शेजारच्या जोशीवहिनींना वाटतं डोक्यावर परिणाम झालाय.
चढताना कुरकुर खणखणीत. बिल्डर, पालिका, माझी भाजी, सगळे येऊन जातात.
मी हसते, पण भीती वाटते. ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर आत गेलं आणि दार लोटलं, तेव्हासारखी. त्याला हे सांगायचं नाही. वेडे, तूच हा गोल शोधलास ना?

४ जानेवारी, रविवार
चढावर. दगडावर बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं.
सकाळी काठाचं जंगल झकास झालं. पाणी आरशासारखं, अवि पुढे, कुरकुर जोरात. मग चढ. कारवीत शिरलो आणि कुरकुर थांबली. "अवि, बोल ना काहीतरी." हातानंच थांब म्हणाला. बसवलं. पाणी दिलं. छातीत काही नाही म्हणतो, फक्त दम. तरी मी त्याचं मनगट सोडलंच नाही.
वरून चंद्राबाईची हाक, "बसा, बसा निवांत! देवी कुटं पळून जातीया?"
बराच वेळ बसलो. घाम निवला, श्वास शांत झाला. मी म्हटलं, परत जाऊ या. खरंच. मला नको तो गोल.
त्यानं खाली पाण्याकडे बघितलं, मग वर.
"आल्या वाटेनं?"
"हो."
"चार महिने मला सोफ्यावरून उठवायला धडपडतेस, आणि आता परत?" बुटाची नाडी बांधली. "देवी कुठल्या हाताला म्हणाली ती?"
"उजव्या."
"मग वरच जायला हवं. लिही तू, मी हळूहळू होतो पुढे. दगड बघ कसले ठेवलेत, पायरी म्हणून एक धड नाही..."
कारवीआड गेला. दिसत नाही आता. आवाज येतोय अजून, दगडांवरून माझ्या पोह्यांवर आलाय.
उठते.