नवरी फायनल

६ ऑक्टोबर

आजपासून रियलिस्टिक. बास झालं कार्टून.

निर्णय पक्का आहे. कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या शंका नको. बायको, म्हणजे अमृता, माहेरी निमगाव सावाला गेली त्याला महिना झाला. टोमॅटोच्या तोडणीला माणूस मिळत नाही म्हणून गेलीय. तसं ती म्हणाली नाही, पण सीझन तोच आहे. तर तिच्यासाठी तीस सेकंदांची ॲनिमेशन फिल्म करायची. हिरॉईन तीच. आमच्या घोडेगावच्या अंगणातून चालत येते, ओट्यावर बसते, माझ्याकडं बघून हसते. हुबेहूब. दिवाळीला पाठवायची. बघितल्यावर ती मिळेल त्या एसटीत बसणार.

एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. तीस सेकंदांना किती, ते काढलं नाही. उगाच दडपण येतं.

७ ऑक्टोबर

माझी नेहमीची स्टाइल म्हणजे मोठे डोळे, टिकलीएवढं नाक, जोडलेले हात. मंचरला फ्लेक्सच्या दुकानात लग्नपत्रिकेचे व्हिडिओ मीच करतो. नवरी एकच आहे. फाइलचं नाव 'नवरी फायनल'. पार्टी बदलली की साडीचा रंग बदलायचा. आजवर एकाही पार्टीची तक्रार नाही. गेल्या सीझनला एका पार्टीला पहिली पत्रिका ओझरच्या गणपतीला ठेवायची होती, तर त्यांनी मोबाइलच देवापुढं धरला, नवरीसकट. आम्ही बौद्ध माणसं, देवाशी आपला संबंध नाही, पण प्रेक्षक तो प्रेक्षक.

सांगायचा मुद्दा, हात बसलेला आहे. रियलिस्टिक फार तर आठवड्याचं काम.

९ ऑक्टोबर

हातांची प्रॅक्टिस. माझ्या व्हिडिओत हात कायम जोडलेले असतात, कारण सुटे काढले की वांग्यासारखे दिसतात. आईला म्हटलं, भाकरी थापताना दोन मिनिटं हात तसाच धर. ती म्हणाली, तवा काय तुझ्यासाठी थांबायचा व्हय. तरी एकदा धरला बिचारीनं. मी अंगठ्यापर्यंत पोचलो तोवर भाकरी करपली. ती मलाच वाढली.

अंगठा मात्र चांगला आलाय. बोटं उद्या.

१३ ऑक्टोबर

बोटं राहू दे. चेहऱ्याला सुरुवात केली.

अडचण अशी की रेफरन्स नाही. लग्नातल्या फोटोत मेकअप आहे. नंतरचे मोबाइलमध्ये आहेत, पण त्या सगळ्यांना मीच फिल्टर लावून ठेवलंय. म्हणून डोळे मिटून आठवायला बसलो. नाक आहे. बरं नाक आहे. गालावर तीळ आहे, पण डाव्या का उजव्या, ते येईना. तिच्या भावाला, राकेशला, फोन लावला. तो पिकअपमध्ये टोमॅटो भरून नारायणगावच्या मार्केटला चालला होता. तीळ कुठल्या बाजूला म्हणून विचारलं.

"दाजी, बायको तुमची हाये का माझी?"

मी हसलो. तो हसला नाही. फोन कट झाला, रेंज गेली असेल.

तीळ उजवीकडं धरून चाललोय.

१४ ऑक्टोबर

अमृतालाच व्हॉट्सॲप केलं. 'तीन सेल्फी पाठव. समोरून, डावीकडून, उजवीकडून. फिल्टर नको.' दोन निळ्या टिक्स आल्या. म्हणजे वाचलं. चांगलं लक्षण आहे.

१९ ऑक्टोबर

सेल्फी आल्या नाहीत. टोमॅटोचे भाव वाढलेत, तिला वेळ नसणार.

फिल्म दिवाळीला होत नाही. कलेत घाई करू नये. राकेशचा मेसेज आला, ताई दिवाळीला येणार न्हाई. बरंच झालं एका अर्थी. अर्धवट काम बघितलं असतं तिनं.

आईनं करंज्या केल्या नाहीत. कारण विचारलं नाही.

२५ ऑक्टोबर

आईनं विचारलं, दिवसभर काय खरडतोस. मी सगळा प्लॅन समजावून सांगितला. अंगण, ओटा, हसणं. तिनं निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली.

"चार महिन्याचं पोट गेलं तिचं, समाधान. आन् तू दवाखान्यात बसून कुणाच्या तरी नवरीच्या साडीला रंग भरत व्हतास."

यावर मी काही लिहिणार नाही. ते ऑगस्टमधलं आहे आणि रोजनिशी ऑक्टोबरची आहे.

पण नोंद म्हणून एवढंच, की पार्टी घाईची होती. साडी जांभळी पाहिजे होती, मग म्हणाले मोरपंखी. अमृता कॉटवर होती. तीनदा म्हणाली, जरा इकडं बघा. मी म्हटलं, थांब, सेव्ह करतो. सेव्ह केल्याशिवाय कसं बघणार माणूस? लाइट गेली असती तर सगळं गेलं असतं.

मेथीची भाजी कडू झाली.

३१ ऑक्टोबर

मोठी आयडिया सुचली. चेहरा दाखवायचाच कशाला? मागून दाखवू. पाठीला तीळ लागत नाही. हात पुढं धरले की तेही दिसत नाहीत. शिवाय मोठे लोक असंच करतात, प्रेक्षकांच्या कल्पनेवर सोडतात. लांबी पंधरा सेकंद केली. जास्त लांब केलं की रडकं होतं.

चालणं मात्र कमाल आलंय. एक पाय, दुसरा पाय, पदर हलतो. आईला दाखवलं.

ती म्हणाली, ही निघाली कुठं?

मी म्हटलं, अगं येतेय, घरी.

"मग पाठ का दिसती?"

आईला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२ नोव्हेंबर

रिव्हर्स करून बघितलं. आता ती येते, पण उलटी चालत येते. आई पाच मिनिटं बघत बसली आणि उठून शेजारी गेली.

रिव्हर्स रद्द.

९ नोव्हेंबर

राकेश दुकानावर आला. पिकअप रोडलाच उभी केली, चहा नको म्हणाला. मालक गोकुळशेठ समोरच बसलेले, म्हणून आम्ही बाहेर उभे राहिलो. तो म्हणाला, महिनाअखेरीला दोन्हीकडची मोठी माणसं बसणार आहेत. ताईला परत नांदायला पाठवायचं का कायमचं मोकळं करायचं, ते तिथं ठरंल. वडील मोकळं करा म्हणतात. ती काहीच बोलत नाही.

"तुमी एकदा या, दाजी. तिच्यासमोर बसा नुसतं. काय आणू नका."

मी विचारलं, बैठकीच्या खोलीत टीव्ही आहे का? पेनड्राइव्ह लागतो का त्याला? तो गाडीत जाऊन बसला.

एक बरं झालं, डेडलाइन मिळाली. डेडलाइनशिवाय माझं काम होत नाही.

१२ नोव्हेंबर

काही होत नाही. फाइल उघडतो, बंद करतो. घरात तिचा कंगवा आहे, त्याचं ड्रॉइंग केलं. हुबेहूब आलं. कंगवा लई सोपा असतो.

१७ नोव्हेंबर

लग्नाची तिथी निघाली की गोकुळशेठच्या तोंडचं पाणी पळतं. पत्रिकांच्या ऑर्डरी साचल्या. मला म्हणाले, तुझं लक्ष कुठं असतं रे? मी म्हटलं, स्टाइल बदलतोय. ते म्हणाले, स्टाइल बदल, पण शिंद्यांची नवरी आज दे.

शिंद्यांची नवरी देता देता मार्ग सापडला. फिल्मच्या शेवटी अमृता मागं वळून हसणार. चेहरा 'नवरी फायनल'चाच घेतला, पण डोळे बारीक केले, नाक वाढवलं, उजव्या गालावर तीळ दिला. आता ओळखू येत नाही की ती मुळात कोण होती. याला म्हणतात स्टाइलच्या पलीकडं जाणं.

एकूण लांबी नऊ सेकंद. पण काय नऊ सेकंद आहेत राव!

२३ नोव्हेंबर

उद्या निमगावला जातोय. बैठकीची वाट बघायची गरजच पडणार नाही. प्लॅन असा आहे. पहिल्या तीन सेकंदांत ती ओळखंल. वळली की डोळे भरून येतील. मग मी फक्त 'चल' म्हणायचं, बाकी काही बोलायचं नाही. ऑगस्टचा विषय तर अजिबात नाही. तिनं काढला तर परत फिल्म लावायची.

टॅबलेट फुल चार्ज. दुसरं हेल्मेट घेतलंय.

आई म्हणाली, मी येऊ का संगं? नको म्हटलं. गाडीवर येताना जागा लागंल.

२४ नोव्हेंबर

गेलो. आलो.

त्यांच्या रानात कांद्याची लागण चालली होती. सासूबाईंनी जयभीम घेतला, पाणी दिलं, दुसरं काही विचारलं नाही. अमृता बायकांच्या ओळीत वाफ्यात बसली होती. राकेशनं हाक मारली तशी बांधावर आली. हात चिखलानं भरलेले, म्हणून टॅबलेट मीच धरला. ऊन होतं, ब्राइटनेस फुल केला. नऊ सेकंद झाली. ती म्हणाली, परत लावा. मी मनात म्हटलं, जिंकलो. परत लावली.

"कोण हाये ही?"

मी म्हटलं, तू.



"सुखी दिसती. राहू द्या तिला तुमच्याकडं."

आणि परत वाफ्यात गेली. आवाज चढवला नाही. रडली नाही. बहुतेक रडली नाही.

राकेश गाडीपर्यंत आला. हेल्मेट बघितलं त्यानं. म्हणाला, आता बैठकीला मोठ्या माणसांनाच पाठवा, दाजी. येताना मला लई रडू आलं. नारायणगावच्या पुढं एका ठिकाणी गाडी लावून बसलो. त्या बाळाचं मी एकही चित्र काढलं नव्हतं, हे तिथं बसल्यावर आठवलं. अमृताला ते सांगायला पाहिजे होतं. काय सांगायचं ते मात्र सुचलं नसतं.

घरी आल्यावर आईनं एकच विचारलं, कशी हाये पोरगी?

म्हटलं, बरी आहे.

वाळली का? डोळे खोल गेलेत का? केस लई गळत व्हते तिचे, ते थांबलं का? साडी कुठली नेसली व्हती?

मला एकाचंही उत्तर देता येईना. ती फिल्म बघत होती, तेव्हा मीपण फिल्मच बघत होतो.