अकरा ते बारा

४ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

फोनवर तुला नेमकं हेच ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. गेल्या वर्षी तुझ्या जिन्याखाली मी सोलरची बॅटरी बसवली, तिचा वापर मला इथे मोबाइलवर दिसतो. पंधरा दिवस झाले, रोज सकाळी अकरा ते बारा कोणीतरी भरपूर वीज ओढतंय. एकट्या बाईला एवढी लागत नाही. मला वरच्या भाडेकरू शिंप्याचा संशय येतो. वाफेची इस्त्री साधारण इतकीच वीज खाते. तुझ्या भोळेपणाचा कोणी फायदा घेतलेला मला खपणार नाही. गुडघा कसा आहे ते कळव.

तुझी,
ठकू

९ मार्च

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं दारोदार फिरून मी मीटर वाचले आणि तू मला भोळी म्हणतेस. शिंपी अकराला दुकानात असतो. तुझी बॅटरीच चुकत असेल. शेजारणीचं मांजर हल्ली तिच्या पेटीवर झोपतं, त्यालाही एकदा विचारून बघ. गुडघा आहे तसाच आहे.

तुझी आई

१६ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

बॅटरी चुकत नाही. माझ्या तिथल्या सहकाऱ्याला बघायला पाठवलं, तर तू त्याला दारातूनच वाटेला लावलंस. तो सांगत होता की आतून घरघर ऐकू येत होती, गरम झळ येत होती आणि तू दार अडवून उभी होतीस. काय लपवतेस? माझ्या मनात नाही नाही ते येतं. सोमवारी वरच्या मजल्याची लाइन मी इथूनच बंद करणार आहे. शिंप्याला तसं सांग.

ठकू

१९ मार्च

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

त्याची लाइन तोडू नकोस, बिचारा संध्याकाळी घरीच शिवतो. चोर मी आहे. माळ्यावरचा हीटर काढून या उकाड्यात रोज तासभर लावते आणि समोर घामाघूम होऊन बसते.

आमच्या खात्यात वापर नेहमीसारखा असला की आम्ही आकडा टिपून पुढे जायचो, घरात कोण आहे हेही बघत नसू. आकडा एकदम वाढला की मात्र साहेब स्वतः तपासणीला यायचे. बॅटरी बसवल्यापासून तू एकदाही आली नाहीस. विचारलं की म्हणायचीस, मोबाइलवर सगळं ठीक दिसतंय. मला वाटलं, आकडा बिघडला की येशील. तू माणूस पाठवलास. त्या दिवशी मी रडले.

लोभ आहेच, तो वाढवायला मात्र स्वतः यावं लागतं. हीटर आजपासून बंद केला आहे. उद्यापासून तुला तिथे पुन्हा सगळं ठीक दिसेल.

तुझी आई