मिसेस व्हिटलॉक यांचं आतलं दार

थॉर्नवेल, केंब्रिजजवळ
३ मे १९८६

ती. शैलाआत्यास,
वैजयंतीचा सा. न. वि. वि.

मला कॉलेजात पाठवावं म्हणून बाबांशी भांडलीस तू. म्हणून घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीचं पहिलं काम आधी तुलाच कळवते. गावातली जुनी घरं पाहायची आणि संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीसाठी त्यांची नोंद लिहायची. चर्च आणि बंगले यादीत कधीच गेलेत. मला त्यात मजुरांची घरं आणायची आहेत.

मिसेस व्हिटलॉक यांचं घर चारशे वर्षांचं आहे. तिथे पूर्वी चांभार राहायचा, नंतर गावची शाळा भरायची. एक्याऐंशी वर्षांपूर्वी बाई तिथेच जन्मल्या. स्वयंपाकघराच्या अरुंद दारावर सुतारानं कोरलेले आकडे अजून दिसतात. घर यादीत आलं की परवानगीशिवाय कोणी त्याला हात लावू शकणार नाही. बाईंनी केक खाऊ घातला आणि हवं ते लिही म्हणाल्या.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
वैजू


वॉटफर्ड
१९ मे १९८६

चि. वैजूस अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, आमच्या बॉयलरचीही नोंद कर म्हणावं, तोही त्या चांभाराच्याच वेळचा असेल. पण पत्र खिशात घालून कामावर डेपोतल्या लोकांना दाखवायला घेऊन गेले हो!

मी नर्सिंग होममध्ये दिवसभर चाकाच्या खुर्च्या ढकलते, म्हणून विचारते. उद्या त्या बाईंना खुर्ची लागली तर ती त्या दारातून जाईल का? तेवढं बघ आणि मग लिही. चिडू नकोस.

तुझं भलं चिंतणारी,
शैलाआत्या


थॉर्नवेल
८ फेब्रुवारी १९८७

ती. शैलाआत्यास,
सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा नोंद पाठवून झाली होती. खरं सांगायचं तर मला तुझा रागही आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही.

नोव्हेंबरमध्ये बाई पडल्या, कमरेचं हाड मोडलं. बाथरूम त्या दारापलीकडे, आणि खुर्चीला दोन इंच कमी पडतात. घर यादीत आलेलं, म्हणून त्यांनी दार रुंद करायची परवानगी मागितली. कौन्सिलच्या बैठकीत माझंच वाक्य वाचून दाखवलं, की हे दार आहे तसंच राखणं अत्यावश्यक आहे. मी उठून विनवण्या केल्या. अध्यक्ष हसून म्हणाले, नोंद फार उत्तम लिहिली आहे. परवानगी मिळाली नाही.

जानेवारीत बाईंना केंब्रिजच्या एका होममध्ये नेलं. काल भेटायला गेले. वाटलं होतं बोल लावतील. त्यांनी घर कसं आहे तेवढंच विचारलं. रिकामं घर हिवाळ्यात ओल धरतं, जमेल तेव्हा जाऊन शेगडी पेटव, असं सांगून किल्ली माझ्या हातात दिली.

आज सकाळी जाऊन पेटवली. शेगडीजवळच्या त्यांच्या जुन्या खुर्चीत बसवेना. विझेपर्यंत जमिनीवर बसून होते.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
वैजू